पोटातल्या बाळाची हालचाल ओळखा: पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सातवा महिना लागला की सोलापुरात घरोघरी ओटीभरणाची तयारी सुरू होते. साडी कोणती घ्यायची, माहेरी कधी न्यायचं, नाव कुठल्या दवाखान्यात नोंदवायचं, सगळं बोललं जातं. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत कुणी सांगत नाही. बाळ पोटात कसं हलतंय याकडे रोज लक्ष द्यायचं, आणि हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. हा लेख तेवढ्यासाठीच लिहिला आहे.

प्रसूतिगृहात काम करताना एक वाक्य पुन्हापुन्हा कानावर येतं: “कालपासूनच कमी वाटत होतं सिस्टर, पण म्हटलं सकाळी जाऊ.” कधी त्या सकाळी बाळाचे ठोके नीट मिळतात आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कधी मिळत नाहीत. आदल्या रात्री निघाली असती तर प्रत्येक बाळ वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पण त्यातली काही वाचली असती, आणि त्यासाठी रात्री एक रिक्षा करून यावं लागलं असतं, एवढंच.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे ३ लाख ४० हजार बाळं २८ आठवड्यांनंतर मृत जन्मली. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही देशात हा आकडा इतका मोठा नव्हता. भारतीय नवजात कृती आराखडा २०१४ मध्ये आला. मृतजन्मांचं प्रमाण २०३० पर्यंत हजारामागे दहाच्या खाली आणायचं, हे त्यात ठरलं. परदेशातल्या पाहण्यांत, बाळ पोटातच गेलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आधी हालचाल कमी झाल्याचं जाणवलं होतं असं सांगितलं आहे. म्हणजे पुष्कळदा बाळ इशारा देतं. तो ओळखायला फक्त आई हजर असते. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात, सोनोग्राफी त्या दिवसापुरतं सांगते. बाळाजवळ चोवीस तास असता ते तुम्हीच.

हालचाल कमी का होते

बाळाला प्राणवायू आणि अन्न वारेतून मिळतं. आईचं बीपी वाढलं, शुगर ताब्यात नसली, रक्त फार कमी असलं, जंतुसंसर्ग झाला किंवा वार मुळातच नीट वाढली नाही, तर हा पुरवठा आटतो. मग बाळ काटकसर सुरू करतं. नळाला चार-पाच दिवस पाणी येणार नाही असं कळलं की आपल्याकडची बाई आधी अंगण धुणं थांबवते, मग कपडे, आणि पिण्याचा हंडा तेवढा झाकून राखते. बाळही हातपाय हलवणं कमी करतं आणि आहे तो प्राणवायू मेंदू-हृदयासाठी राखतं. काही बाळं अशी बरेच दिवस तग धरतात, काहींच्या हातात थोडेच तास असतात. कुठलं बाळ कुठल्या टप्प्यावर आहे ते पोटाला हात लावून सासूबाईंना कळत नाही आणि मलाही कळत नाही. त्यासाठी तपासणीच लागते.

यातली दिलाशाची बाजूही सांगते. हालचाल कमी झाल्याची तक्रार घेऊन एकदा तपासायला आलेल्या बहुतेक बायकांचं पुढे सगळं नीट होतं. आपण तपासायला जातो ते उरलेल्या थोड्या जणींमध्ये आपण नाही ना, एवढं पाहण्यासाठी.

सुरुवात: आपले आठवडे माहीत करून घ्या

घरात महिने मोजतात, दवाखान्यात आठवडे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. २० आठवडे म्हणजे पाचव्या महिन्याचा उत्तरार्ध, २८ आठवडे म्हणजे सातव्या महिन्याचा मध्य. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या सोनोग्राफीत दिलेली अंदाजे तारीख धरा. ती तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिली आहे का ते आशाताईंकडून पाहून घ्या. फोनवर किंवा दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न हाच येतो.

पहिली फडफड

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळते, काहींना आणखी उशिरा. दुसरेपणाला १६ व्या आठवड्यातही कळते, कारण ओळख असते. सुरुवातीला ती लाथ नसतेच. बुडबुडा फुटल्यासारखं, आत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जणींना तो गॅसच वाटतो. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर ही पहिली जाणीव उशिरा होते. तुमच्या सोनोग्राफीत वार पुढे लिहिली आहे का ते विचारून ठेवा. पण २८ आठवड्यांनंतर हालचाल कमी झाली तर ‘माझी वार पुढे आहे ना’ म्हणून गप्प बसायचं नाही.

२४ आठवडे झाले तरी एकदाही काही जाणवलं नसेल तर दाखवून या. जाणवायला लागल्यानंतर, २८ आठवड्यांच्या आतच हालचाल कमी झाली किंवा थांबली, तरीही जाऊन ठोके ऐकून या.

आपल्या बाळाची सवय ओळखा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. याला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो, आणि आपल्या बायकांकडे तोच नसतो.

हालचाल ३२ आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि तिथून बाळंतपणापर्यंत साधारण तेवढीच राहते. प्रकार बदलतो. आधी उसळ्या आणि लाथा असतात. नवव्या महिन्यात कूस बदलणं, ढकलणं, बरगडीखाली पाय रोवणं जास्त. पण दिवसभरातलं एकूण हलणं कमी होत नाही. कळा सुरू झाल्यावरही बाळ हलतं.

बाळ पोटात झोपतंही. एक झोप साधारण २० ते ४० मिनिटांची, क्वचितच ९० मिनिटांपेक्षा लांबते. तेवढा वेळ ते शांत असणारच. दुपारनंतर आणि रात्री हालचाल जास्त जाणवते. दिवसा तुम्ही चालत-काम करत असता तेव्हा ती अंगावर येत नाही, आडवं पडल्यावर कळते.

पूर्व भागात किंवा कुंभारीच्या वसाहतीत दुपारी गेलात तर उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसेल. सुपात एका बाजूला कापलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान पाण्याने मऊ झालेलं, त्यात चिमूट तंबाखू, वळी, टोक दुमडून दोऱ्याचा वेढा, की पुढचं पान. डोळे हातावर, हिशोब डोक्यात: सातशे झाल्या, हजार व्हायला किती उरल्या. सुपाची कड पोटाला टेकलेली असते आणि त्याच पोटात बाळ हललं तर तिला पत्ता लागत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये कांडी भरणाऱ्या बाईचंही तसंच, वर खटखटाट इतका की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. अशा बाईला ‘दिवसभर लक्ष ठेव’ म्हणणं निरर्थक आहे. तिला मी म्हणते, वेळ बांधून घे. सूप बाजूला ठेवून चहा घेतेस ना, तेव्हा भिंतीला टेकून बस आणि एक हात पोटावर ठेव. कारखान्यात विड्या देऊन आल्यावर दहा मिनिटं आडवी हो. आणि रात्रीची भाकरी झाली, भांडी झाली की डाव्या किंवा उजव्या कुशीवर पड, मोबाईल लांब ठेव, आणि बाळाकडे मन लाव. रोज त्याच वेळी.

असं आठवडाभर केलंत की तुम्हाला तुमच्या बाळाची चाल कळायला लागते. कुणाचं रात्री दहाला हमखास जागं होतं, कुणाचं जेवल्यावर उसळतं, कुणाचं मुळातच सौम्य असतं. शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नका. तिचं धिंगाणा घालतं आणि तुमचं शांत आहे, यात बिघाड काही नाही. तुमचं बाळ कालपर्यंत जसं होतं तसं आज आहे का, हाच प्रश्न. लाथ, ढकलणं, वळणं, सरकणं हे सगळं हालचालीत धरा. उचकी मात्र धरू नका. ती ठेक्यात, एकाच जागी, सारखी टकटक होते.

ज्यांना आवडतं त्यांनी कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करावी: ‘नेहमीसारखं’ किंवा ‘कमी’. बस्स.

मोजायचं का, आणि किती?

यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत सकाळ, दुपार, संध्याकाळ जेवणानंतर एक-एक तास मोजायला सांगतात. कुठल्याही तासात तीनपेक्षा कमी हालचाली झाल्या, किंवा बारा तासांत दहापेक्षा कमी भरल्या, तर कळवा असा तो हिशोब. दुसरी पद्धत अशी: शंका आली की कुशीवर पडून दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्यायचं, तेवढ्यात दहा वेगवेगळ्या हालचाली भरायला हव्यात.

तुमच्या डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी एखादी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळा, दोन-तीन पद्धती एकत्र करू नका. पण आकड्याला चिकटून बसू नका असंही मी आग्रहाने सांगते. तुमचं बाळ रोज तासाभरात पंधरा-वीस वेळा हलत असेल आणि आज कसंबसं चार वेळा हललं, तर ‘तीनच्या वर आहे’ म्हणून ते ठीक होत नाही. सगळ्या बाळांना लागू पडेल असा एक आकडा कुणालाच सापडलेला नाही.

हालचालींबद्दल जागरूक केलं की मृतजन्म कमी होतात का, हे पाहण्यासाठी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांना माहिती देणं आणि तक्रार आल्यावर दवाखान्याने ठरलेल्या पद्धतीने तपासणं, असा कार्यक्रम त्यात राबवला होता. त्याने मृतजन्म नक्की कमी होतात असं सिद्ध झालं नाही, आणि कळा आणून केलेली बाळंतपणं व सिझेरियन मात्र वाढली. म्हणून नुसत्या मोजण्याने बाळ वाचतं असं मी कुणाला सांगत नाही. तरीही मी हे लिहिते, कारण आपल्याकडची मुख्य अडचण वेगळी आहे. इथे हालचाल कमी झाल्यावर बाई घरात थांबते. त्या थांबण्याला काहीच आधार नाही, कुठल्याही अभ्यासाचा नाही.

कमी वाटलं तर

खात्री असेल, म्हणजे बाळ हललंच नाही किंवा स्पष्ट कमी झालंय, तर निघा. जेवण, अंघोळ, नवरा शिफ्टवरून येण्याची वाट, काही नाही. निघा.

खात्री नसेल, दिवसभर गडबडीत लक्षच गेलं नसेल, तर कुशीवर पडा. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, हात पोटावर. जास्तीत जास्त दोन तास. दहा हालचाली भरल्या आणि त्या नेहमीसारख्या जोरकस वाटल्या तर ठीक. दहा भरल्या पण क्षीण वाटल्या, किंवा मन मानत नसेल, तर जा. भरल्या नाहीत तर जाच. आणि हे दोन तास एकदाच. ‘आणखी दोन तास बघू’ असं करत सकाळ उजाडते.

करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या आडगावी राहत असाल तर बाई आडवी पडून लक्ष देत असतानाच घरच्यांनी गाडीचं बघायला लागावं. गाडी लागली नाही तर परत पाठवता येते.

अचानक उलटं झालं, म्हणजे बाळाने एकदम वेड्यासारखी धडपड केली आणि मग ते गप्प झालं, तरीही जा. नेहमीपेक्षा वेगळं काहीही दाखवण्यासारखंच असतं.

या वेळी घरात काय काय ऐकू येतं ते मला पाठ झालंय. “आता जागा कमी पडते गं, शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं.” हे खरं नाही, वर सांगितलंच. “बाळ खाली उतरलं की शांत होतं.” नाही. “मुलगी असेल, मुली शांत असतात.” मुलगा-मुलगीचा याच्याशी काही संबंध नाही. “उन्हाने झालं असेल, ताक पी.” ताक प्या, पण गाडीत बसून. “गोड खा, थंड पाणी पी, लगेच उडी मारेल.” भूक-तहान असेल तर जरूर खा-प्या, पण ती तपासणी नाही. त्यानंतर बाळ एकदा हललं म्हणून निघणं रद्द करायचं नाही. आज एकादशी आहे, उपास आहे, म्हणून कमी हलत असेल, हेही मी ऐकलंय. गरोदरपणी कडक उपास करूच नये, आणि उपासाला कारण ठरवून घरी बसणं तर त्याहून वाईट.

हे सांगणाऱ्या बायका प्रेमानेच सांगतात. त्यांच्या काळी तपासणीची सोयच नव्हती, धीर देणं एवढंच हातात होतं. आता सोय आहे. सासूबाई, आई, काकू, तुम्ही हे वाचत असाल तर पोरीला धीर जरूर द्या, आणि सोबत उठा.

मोबाईलचं अॅप किंवा ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकायचं यंत्र यावर विसंबू नका. ऐकू येतो तो आवाज तुमच्याच नाडीचा असू शकतो. आणि बाळाचे ठोके लागले तरी त्याला प्राणवायू पुरतोय हे त्यावरून ठरत नाही. पुरवठा आटल्यावरही ठोके बराच काळ चालू राहतात.

दवाखान्यात काय बोलायचं

पोहोचल्यावर “बरं वाटत नाहीये” असं म्हटलंत तर केसपेपर काढून ओपीडीच्या रांगेत बसवतील. सरळ असं म्हणा: “मला आठवा महिना चालू आहे, ३३ वा आठवडा. काल रात्रीपासून बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय. आत्ता तपासून घ्यायचंय.” गेटवर, अपघात विभागात, लेबर रूमच्या दारात, जिथे विचारतील तिथे हेच वाक्य. मराठी बोलायला अवघड जात असेल तर तेलुगूत, कन्नडमध्ये सांगा. सोलापुरात समजणारं कुणीतरी भेटतंच.

मग काय होतं? बीपी पाहतात, लघवी तपासतात, पोटाची उंची मोजतात, ठोके ऐकतात. ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असायला हवेत. त्यानंतर २८ आठवड्यांच्या पुढे एनएसटी करतात. पोटाला दोन पट्टे बांधतात, एकातून बाळाचे ठोके आणि दुसऱ्यातून गर्भाशयाचं आकसणं कागदावर उमटत जातं. तुमच्या हातात बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. हलताना ठोके वाढले तर बाळ तजेलदार आहे. वीस मिनिटं लागतात, बाळ झोपलेलं असेल तर आणखी वीस. दुखत नाही. गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून बाळाची वाढ, भोवतालचं पाणी आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एनएसटी नसेल तर ठोके ऐकून, बीपी पाहून घ्या आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा. ‘ठोके आहेत, जा घरी’ यावर समाधान मानू नका. नम्रपणे पण ठामपणे विचारा, “एनएसटी कुठे होईल?”

सगळं ठीक निघालं तर घरी पाठवतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ‘उगीच आलात’ असं कुणी म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका. ठीक निघालं नाही तर भरती करतील, काही वेळा बाळंतपण लवकर करावं लागेल. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात. दिवस भरायच्या आत बाळ बाहेर काढण्याचेही धोके असतात, म्हणून डॉक्टर दोन्हीकडचा विचार करून ठरवतात. का आणि कधी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दोन दिवसांनी पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा जा, पहिल्यासारखीच घाई करून. दुसऱ्यांदा आलेल्या बाईकडे आम्ही जास्त बारकाईने पाहतो. मागच्या वेळचा कागद सोबत ठेवा.

हालचाल ठीक असली तरी या तक्रारींनाही थांबायचं नाही: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, बरगडीखाली पोटात दुखणं, ताप, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज.

आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

रात्री दोनला विचार करायला कुणाचंच डोकं चालत नाही. म्हणून सातव्या महिन्यातच एका कागदावर लिहून दाराशी चिकटवा: नाव नोंदवलेल्या दवाखान्याचा रात्रीचा नंबर, आशाताईंचा नंबर, गल्लीतल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि १०२. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय, तपासण्या, औषधं आणि बाळंतपण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, अगदी सिझेरियनसुद्धा. ही योजना २०११ पासून आहे. पैसे नाहीत म्हणून रात्र काढायची गरज नाही. शहरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आणि पंढरपूरकडच्यांना तिथलं उपजिल्हा रुग्णालय. खाजगीत नाव घातलं असेल तर एकच प्रश्न आधी विचारून ठेवा: रात्री एनएसटी होते का? होत नसेल तर रात्री कुठे जायचं तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

जानेवारीत दिवस भरत असतील तर गड्डा यात्रेचा विचार करा. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा रस्ते बंद असतात आणि गर्दीत रिक्षा शिरत नाही. दुसरा रस्ता कुठला, हे घरातल्या माणसाने आधी पाहून ठेवावं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या रस्त्यांचंही तेच.

आणि माहेरी जाणं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत चांगली आहे, पोरीला विसावा मिळतो. पण नेमकं २८ ते ३४ आठवड्यांत, लक्ष ठेवायच्या काळात, दवाखाना बदलतो. ओटी भरून गाडीत बसताना साड्या आणि फराळ आठवणीने भरतात, फाईल राहते. फाईल आधी भरा: कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगरचे रिपोर्ट. माहेरी पोहोचल्यावर चार-सहा दिवसांत तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवा, कळा यायची वाट पाहू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथेही नवीन गावात पहिल्यांदा दाखवता येतं.

धोका कमी करण्यासाठी हातात काय आहे

मिश्री. यावर मी जरा जास्तच बोलते, कारण आपल्या भागात ती औषधासारखी वापरतात. मळमळते म्हणून, दात शिवशिवतात म्हणून, सकाळी त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणून. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेचा पुरवठा घटतो. मुंबईत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बायकांत मृतजन्माचा धोका न वापरणाऱ्यांच्या अडीच पटींच्या आसपास होता, आणि दिवसातून जितक्या वेळा वापर तितका धोका जास्त. सातव्या महिन्यात सोडली तरी बाळाला फायदा आहे. एकदम जमत नसेल तर सिस्टरना मोकळेपणाने सांगा, आम्ही रागावणार नाही. विडीकाम थांबवणं सगळ्यांना परवडत नाही हे मला माहीत आहे. निदान खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा, तोंडाला ओढणी बांधा, उठल्यावर हात साबणाने धुवा, आणि झोपायच्या खोलीत तंबाखू साठवू नका.

झोपताना कुशीवर झोपा. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतं. डावी-उजवी कुठलीही कूस चालते. रात्री जाग आल्यावर उताण्या सापडलात तर घाबरू नका, वळा आणि झोपा.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. भर दुपारी बाहेरची कामं टाळा आणि तहान लागायच्या आधी पाणी प्या. कडक उन्हाळ्यात मृतजन्म आणि दिवस भरायच्या आत होणारी बाळंतपणं वाढतात असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

बाकी बीपी, शुगर, हिमोग्लोबिन वेळच्या वेळी. लोहाच्या गोळ्या डब्यात साठवू नका.

ज्यांचं बाळ आधी पोटात गेलं आहे

तुमच्यातल्या कुणी हे वाचत असेल तर सगळ्यात आधी: तुम्ही जड उचललं, ग्रहणात बाहेर गेलात, नीट लक्ष दिलं नाही, म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. पुष्कळदा सगळी काळजी घेऊनही कारण सापडत नाही.

पुन्हा दिवस राहिले की पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवा आणि पहिल्याच भेटीत ही गोष्ट सांगा, घरात कुणी ‘जुनं कशाला काढतेस’ म्हटलं तरी. तेव्हाची फाईल, सोनोग्राफी, वारेची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट, बाळाचं वजन आणि आठवडे, जेवढं हाती असेल तेवढं न्या. त्यावरून डॉक्टर ठरवतात की बीपी-शुगर कधीपासून पाहायचं, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी किती वेळा करायची, एनएसटी कोणत्या आठवड्यापासून लावायची, बाळंतपण किती लवकर करायचं. आणि या खेपेला भीती वाटून रोज जरी ठोके ऐकायला यावंसं वाटलं, तरी या. तुम्हाला ओळखणाऱ्या एका सिस्टरचा नंबर मागून घ्या आणि तिला आधीच सांगून ठेवा की तुम्ही रात्री-अपरात्री फोन करणार आहात.